उतारावरची गुणगुण

अम्मानमध्ये सकाळ आधी वर होते आणि मग खाली उतरते. समोरच्या डोंगरावरच्या सर्वांत उंच घरांवर पाण्याच्या टाक्या आहेत. पहिला उजेड त्यांच्यावर पडतो तेव्हा आमच्या गल्लीत अजून करडी सावली असते. मग तो एकेक मजला खाली येऊ लागतो. इथली घरे सगळी एकाच फिकट दगडाची. रात्रभर ती थंड आणि शिळ्या भाकरीच्या रंगाची दिसतात. उजेडाने स्पर्श केला की ती हळूहळू सायीसारखी पिवळसर होतात. कुणाच्या तरी दोरीवर विसरलेला टॉवेल उजळतो, नंतर गच्चीतून वर आलेल्या गंजक्या सळया, नंतर खिडक्यांचे गज. जिन्यापाशी आल्यावर उजेडाला घाई उरत नाही. दोन रस्त्यांना जोडणाऱ्या त्या लांबलचक दगडी जिन्याची एकेक पायरी तो सावकाश उतरतो, मधल्या एका पायरीवर झोपलेल्या मांजराच्या पाठीवर जरा रेंगाळतो, आणि मग बेकरीसमोर सांडलेल्या पिठावर येऊन पसरतो. तिथून तो माझ्यापर्यंत पोचतो, जमिनीपासून वीतभर उंचीवर, बंपरच्या जाळीतून, पट्ट्यापट्ट्यांनी. त्यात नवे असे काही नसते. तरीही कित्येक सकाळी मी त्याची वाट पाहिली आहे.

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. गाणी ऐकवणाऱ्या स्पीकरांच्या घराण्यातला मी नव्हे. त्यांना गाडीच्या आत गादीशेजारी जागा मिळते. मला बंपरच्या मागे, चिखलात आणि धुळीत बसवलेले आहे. माझी गाडी अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी बॅटरीवर चालते. बॅटरीवर असताना ती मुळीच आवाज करत नाही. चालणाऱ्या माणसाला ती कळावी म्हणून हळू वेगात मी गुणगुणायचे, आणि वेग वाढून चाकेच घरघरू लागली की गप्प बसायचे, एवढेच माझे काम.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका खोलीच्या भिंतींना जाड कापूस लावलेला होता, आणि आपला श्वासही आपल्याला मोठा वाटावा अशी शांतता होती. त्या खोलीत मला पहिल्यांदा बोलते केले. परीक्षा घेणारे गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते शेजारच्याला म्हणाले की हा आवाज कुणाला आवडला नाही तरी चालेल, कळला म्हणजे झाले. मी तेव्हा कोवळा होतो. ते वाक्य मला कौतुकासारखे वाटले. त्याचा अर्थ उलगडायला मला पुढे एक देश ओलांडावा लागला.

माझ्या पहिल्या मालकिणीच्या गावात सारखा पाऊस असे आणि सगळ्याच गाड्या माझ्यासारख्या गुणगुणत. तिथे मला ना कुणी नावाजले, ना कुणी नावे ठेवली. मग गाडी विकली गेली, जहाजातून अकाबाच्या बंदरात उतरली, आणि झरकाजवळच्या वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात उन्हात उभी राहिली. तिथेच अबू राकानने तिला पाहिले.

अबू राकान सैन्यातून निवृत्त झालेला चालक होता. निवृत्तीचे सगळे घालून त्याने ही गाडी घेतली, कारण अ‍ॅपवर भाडी मारायची तर पेट्रोल कमी लागणारी गाडी हवी. त्याने तिला फार जपले. दर शुक्रवारी नमाजाआधी तो तिला धुई, आणि माझ्यासमोरची जाळी जुन्या दात घासायच्या ब्रशाने स्वतः घासून काढी. त्याची जाड बोटे जाळीतून आत येत, तेव्हा मला वाटे की मी या माणसाचा आहे. मला आजही तसे वाटते, आणि माझ्या दुःखाचे मूळ तेच आहे.

आमच्या गल्लीत मैसून नावाची एक स्त्री राहते. ती जन्मापासून आंधळी. बलदमधल्या, म्हणजे खालच्या जुन्या बाजारपेठेतल्या एका रुग्णालयात ती फोन घ्यायचे आणि जोडून द्यायचे काम करी. आईवडील गेल्यावर ती भावाच्या घरी राहू लागली होती, पण स्वतःच्या पगारावर आणि स्वतःच्या पायांनी. रोज सकाळी ती काठी घेऊन जिना उतरे, बेकरीपाशी रस्त्याच्या कडेला थांबे, कान देई, आणि रस्ता ओलांडून पलीकडून निघणाऱ्या पांढऱ्या सामाईक टॅक्सीत बसे. तिचा भाऊ तलअत तिला 'सोडायला येतो' असे म्हणे. ती त्याला म्हणे की तू झोप, तू डोळ्यांनी रस्ता ओलांडतोस म्हणून तर मला तुझी भीती वाटते.

मित्रांनो, आयुष्यभरात माझी स्तुती एकाच माणसाने केली, आणि ती मैसूनने. एका सकाळी आम्ही उतारावरून हळू येत होतो. ती कडेला थांबली होती. तिने मान किंचित कलती केली आणि आम्ही जवळ येताच हात वर केला. अबू राकानने गाडी थांबवली.

"ही गुणगुणते ती तुमचीच ना, अबू राकान?" तिने विचारले. "बाकीच्या चोरासारख्या येतात. तुमची मधमाशी मात्र सांगून येते."

अबू राकान हसला आणि तिला सुप्रभात म्हणाला. त्या दिवसापासून मी मधमाशी झालो. बेकरीवालाही 'मधमाशी आली, मैसून, थांब' असे ओरडून सांगू लागला, जणू तिला ते सांगायला हवे होते. मी रोज उताराच्या तोंडाशी आलो की माझा सूर लावी, आणि ती कडेला स्थिर होई. आम्ही निघून गेलो की ती रस्ता ओलांडी. आमच्यात एवढाच व्यवहार होता. मला त्याहून जास्त काही नको होते.

पण गाडीत बसणाऱ्यांना मी नको होतो. इथे रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या परदेशात आपटलेल्या, इथे ठोकूनठाकून आणि रंग देऊन उभ्या केलेल्या. त्यामुळे इथल्या माणसाला गाडीतून अनोळखी आवाज आला की आधी एकच शंका येते. कुणी विचारी, काका, गाडी कण्हते का हो तुमची? कुणी पट्टा गेला असे निदान करी. एका तरुणाने उतरताना दार हलकेच लावले आणि सल्ला दिला की जपून चालवा, हिची हाडे जुळवलेली दिसतात. अबू राकान प्रत्येकाला समजावून सांगे की हा आवाज मुद्दाम ठेवलेला असतो, पायी चालणाऱ्यांसाठी. लोक मान डोलावत, आणि त्यांचा विश्वास बसत नसे.

हेही त्याने सोसले असते. पण त्याच्या मुलाचे, राकानचे, लग्न ठरत होते. मुलीच्या वडिलांना घरी जेवायला आणण्यासाठी अबू राकान स्वतः गेला. गाडी धुतलेली, आत सुगंधी धूर दिलेला. गृहस्थ पुढच्या सीटवर ऐसपैस बसले, चढावर आम्ही हळू झालो, मी माझे काम करू लागलो. त्यांनी थोडा वेळ कान देऊन ऐकले.

"गाडी झकास आहे, व्याही," ते म्हणाले. "पण आतल्या आत रडतीय हो. झरकाच्या बाजारात ठोकलेली तर नाही ना गळ्यात मारली तुमच्या?"

अबू राकानने गाडीचा वेग वाढवला. जेवताना मनसफच्या, म्हणजे दह्यात शिजवलेल्या मटण-भाताच्या ताटाभोवती ही गोष्ट पुन्हा निघाली असावी, कारण रात्री पाहुण्यांना सोडून परतताना त्याने वाटेत एकदाही रेडिओ लावला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही हुसनीच्या गॅरेजात गेलो. हुसनी बडबड्या मेकॅनिक होता. गाडीचे तोंड उघडून त्याने आत हात घातला, त्याची तेलकट बोटे माझ्या पाठीमागे आली, आणि माझा आवाज गेला. तार तोडली, असे मी समजलो. ते दोघे चहा पीत काहीतरी बोलत राहिले. मी त्यांच्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही.

मित्रांनो, मुका होणे म्हणजे काय, हे तुम्हाला कसे सांगू? उतार आला की मी अजूनही श्वास घेई, सूर लावी, आणि आतून काहीच बाहेर पडत नसे. पहिल्या सकाळी मैसून कडेला थांबली होती. आम्ही तिच्यासमोरून गेलो आणि तिने मान कलती केली नाही. काही दिवसांनी तिने बेकरीवाल्याला विचारले की अबू राकान हल्ली उशिरा निघतो का. बेकरीवाला पाव मोजण्यात गुंतला होता. असेल, असे तो म्हणाला.

त्यानंतरच्या एका सकाळी गॅसचे सिलिंडर विकत फिरणारी गाडी तिची रोजची धून वाजवत वरच्या गल्लीत निघून गेली. धून विरली आणि रस्ता शांत झाला. मैसूनने ऐकले. उजवीकडे काही नव्हते, डावीकडे काही नव्हते. तिने काठी पुढे टाकली आणि ती खाली उतरली. अबू राकान तेव्हा आरशाला टांगलेली जपमाळ सरळ करत होता.

धक्का फार मोठा नव्हता. पण गाडीच्या सर्वांत पुढे मी असतो. ती आधी माझ्यावर आदळली.

अबू राकान डोक्याला हात लावून धावत आला. लोक जमले. ती डांबरावर आडवी होती, चेहरा पांढरा पडला होता, आणि तिचा एक हात काठी चाचपत होता. त्याचा आवाज ऐकून ती थांबली.

"तुम्ही?" ती म्हणाली. "मग मधमाशी कुठंय?"

 तिच्या खुब्याचे हाड मोडले होते. पोलिसांनी अबू राकानला नेले आणि गाडी आवारात उभी केली. तिथे मला पुष्कळ वेळ मिळाला, आणि तो सगळा मी त्याची बाजू मांडण्यात घालवला. त्याला कुठे माहीत होते, असे मी स्वतःला सांगत राहिलो. माणसाच्या हातून होते.

मग इथल्या रिवाजाप्रमाणे जाहा ठरली. म्हणजे ज्याच्या हातून इजा झाली त्याच्या वतीने वजनदार माणसे इजा झालेल्याच्या घरी माफी मागायला जातात. त्यांच्यापुढे कॉफीचा पेला ठेवला जातो, आणि मागणे मान्य झाल्याशिवाय त्यांचा पुढारी तो ओठाला लावत नाही. जामिनावर सुटलेला अबू राकान त्यांच्यात मान खाली घालून बसला होता. तलअतच्या घरात एवढी माणसे मावणार नव्हती, म्हणून गल्लीतच खुर्च्या मांडल्या होत्या. पोलिसांच्या आवारातून सुटलेली आमची गाडीही भिंतीला लागून उभी होती, म्हणून ते सगळे माझ्यासमोर घडले.

पुढारी होते हाजी नौफान, पांढऱ्या दाढीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी अल्लाची स्तुती केली, दोन्ही घरांची केली, नशिबात लिहिलेले कुणाला चुकत नाही असे सांगितले, आणि तक्रार मागे घेण्याचे मागणे मांडले. गाडीच्या आवाजाविषयी कुणी अवाक्षर काढले नाही. तलअतने मान खाली घातली. आता तो 'कॉफी घ्या' म्हणणार, हे सगळ्यांना कळले होते. खुर्च्या सरकू लागल्या होत्या. तेवढ्यात वरची खिडकी उघडली. मैसून पलंगावरून कशीबशी तिथवर आली होती.

"हाजीसाहेब, हाड माझं मोडलंय. मला विचारा," ती म्हणाली.

सरकणाऱ्या खुर्च्या थांबल्या. अशा वेळी बायका बोलत नसतात. हाजींनी मात्र मान वर केली आणि ते म्हणाले, "बोल पोरी."

"मला पैसे नकोत. अबू राकानना तुरुंगही नको. त्यांच्या गाडीचा आवाज परत लावायला सांगा. मला उद्या परत याच रस्त्यानं जायचंय. बाकीच्या गाड्यांचं मी बघीन. पण जी रोज माझ्या दारावरनं जाते, ती तरी मला कळू दे."

कुणीतरी हसले. इतके थोडेच मागते, असे त्या हसण्यात होते. हाजींनी अबू राकानकडे पाहिले. त्याने छातीवर हात ठेवून मान डोलावली. हाजींनी आपली दाढी मुठीत धरली.

"या दाढीच्या जबाबदारीवर सांगतो, तू बरी होऊन खाली येशील तेव्हा ती गाडी बोलत असेल," ते म्हणाले, आणि त्यांनी कॉफी घेतली.

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले ते मी पुन्हा कधी स्वतःला वाटू देणार नाही. भरल्या सभेत माझा आवाज मागितला गेला होता. अबू राकानने तलअतच्या कपाळाचे चुंबन घेतले. सगळे रडले. मी उद्याची वाट पाहू लागलो.

उद्या आला तेव्हा तो गाडी घेऊन थेट विमानतळाच्या भाड्यावर गेला. साहजिक होते, इतके दिवस कमाई नव्हती. मग शुक्रवार आला, गॅरेज बंद. मग रमजान आला, उपासात गॅरेजात कोण ताटकळणार? मग ईद, मग राकानचे लग्न. प्रत्येक वेळी कारण मीच शोधून काढत होतो, त्याला शोधावेही लागत नव्हते. वरात आमच्याच गाडीतून निघाली. व्याही पुन्हा पुढच्या सीटवर बसले आणि खूश होऊन म्हणाले की आता कशी गाडी झाल्यासारखी वाटते.

एकदा त्याच्या बायकोने, उम्म राकानने, विषय काढला. ती सौम्य बाई आहे, कुणाला टोचून बोलत नाही. ती म्हणाली, "अहो, लावा की तो आवाज. चार माणसांत शब्द दिलाय."

"शब्द हाजींनी दिलाय, त्यांच्या दाढीवर," अबू राकान गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवत म्हणाला. "माझी दाढी कुठंय?"

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. ती हसली नाही. पुढे भाड्याच्या माणसांशी बोलताना या अपघाताची कहाणी हळूहळू बदलत गेली. आधी ती 'माझ्या हातून झाले' अशी होती. मग 'आम्हा दोघांच्या नशिबात होते' अशी झाली. अखेरीस एका प्रवाशाला त्याने सांगितले की आंधळ्या माणसांना घरच्यांनी एकटे सोडूच नये. प्रवासी म्हणाला, बरोबर आहे. मी ते पुढून ऐकत होतो. त्याही दिवशी मी म्हटले, थकला असेल बिचारा.

आणि मैसून खाली आली.

आधी ती तलअतचा हात धरून आली, मग त्याच्यासोबत पण हात न धरता, आणि एका सकाळी एकटी. एक पाय ओढत ती जिना उतरली. रुग्णालयाने तिची जागा अजून दुसऱ्या कुणाला दिली नव्हती, पण आणखी थांबणार नाही असे कळवले होते. हे तलअतने बेकरीत सांगितले होते, आणि अबू राकान तेव्हा तिथेच पाव घेत होता. ती कडेला उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारची निश्चिंती होती. तिला भरल्या सभेत शब्द मिळाला होता. मधमाशी ऐकू येत नाही, म्हणजे मधमाशी जवळ नाही. पूर्वी ती सगळ्याच रस्त्याला भीत असे. आता एका गाडीला भीत नव्हती. ती गाडी उतारावरून खाली येत होती.

मी ओरडलो. जे काही माझ्यात होते ते सगळे लावून ओरडलो. जाळीवरची धूळसुद्धा हलली नाही.

या वेळी अबू राकानचे लक्ष रस्त्यावर होते. त्याने तिला पाहिले आणि अलगद ब्रेक दाबला. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर, काहीही न बोलता उभी राहिली. त्याच वेळी तिने काठी पुढे टाकली. काठी बंपरला लागली, अगदी माझ्यासमोर.

ती थबकली. तिने काठी उचलली आणि पुन्हा टेकवली. मग वाकून हात पुढे केला. तिची बोटे आधी बॉनेटच्या ऊबदार पत्र्याला लागली आणि तिथेच थांबली. खिडकी उघडी होती. त्याच्या सिगारेटचा वास बाहेर येत होता. तिने मान किंचित कलती केली.

"अबू राकान?" ती म्हणाली. "तुम्हीच आहात ना?"

त्याच्याकडे आवाज होता, मित्रांनो. त्याचा कुणी काढून घेतला नव्हता. त्याने सिगारेट तोंडातून काढली, खिडकीबाहेर विझवली, आणि श्वास रोखून बसून राहिला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. तिने थोडा वेळ वाट पाहिली, उत्तर द्यायला एखाद्या भल्या माणसाला जेवढा लागावा तेवढा.

"बरं," ती म्हणाली.

पलीकडे पांढरी टॅक्सी भरत होती. तिने तिकडे तोंडही केले नाही. ती मागे वळली आणि जिना चढू लागली, एक पायरी चांगल्या पायाने, तीच पायरी ओढलेल्या पायाने. टॅक्सी निघून गेली. बेकरीवाल्याने हाक मारून पाव हवेत का विचारले. ती चढत राहिली. त्यानंतर ती एकटी खाली आलेली नाही. रुग्णालयात फोनवर आता दुसरे कुणी बोलते, असे ऐकतो.

मित्रांनो, माझ्यासारख्यांचा आवाज तुम्हाला आवडणार नाही. तो कण्हल्यासारखा वाटेल, जेवणाच्या गप्पांत कुणी त्यावरून तुमची थट्टा करील. तरी त्याला जपा. तो तुमच्यासाठी नाही, म्हणूनच जपा. आणि कुणाला शब्द दिला असेल, तर तो दुसऱ्याच्या दाढीवर टांगून ठेवू नका.

माझे सांगायचे एवढेच होते. पण एक गोष्ट मी इतका वेळ टाळली, आणि ती न सांगता थांबलो तर मीही त्याच्यासारखाच होईन. माझी तार तुटलेली नाही. हुसनीने खटका दाबून ती फक्त मोकळी केली होती. चहा पिताना तो अबू राकानला म्हणाला होता की तोडत नाही, नुसती काढून ठेवतो, वाटेल तेव्हा बॉनेट उघडून बोटाने दाबा, बसेल, माझ्याकडे यायचीही गरज नाही. लक्ष दिले नाही असे मी म्हणालो, पण मी ते ऐकले होते. अबू राकाननेही ऐकले होते.